शिफ्टिंग वीस दिवसांवर आणि सासूबाई म्हणतात, पॅकर्सचा हात माझ्या भांड्यांना लागणार नाही

पत्र थोडक्यात: कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. जवळपास चाळीस वर्षं जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, वीस दिवसांत फ्लॅट रिकामा करून द्यायचाय आणि नवीन बिल्डिंग होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षं, वारज्यात सातव्या मजल्यावर भाड्याने राहायचंय. घरात ताई, त्यांचे मिस्टर आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. मिस्टर म्हणतात सगळं पॅकर्सना देऊन टाकू, एका दिवसात काम खलास. सासूबाई म्हणतात परक्या माणसाने माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. त्यातही एक चिनी मातीची बरणी आहे, सासूबाईंच्या नारायण पेठेतल्या माहेरची, १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेली, आणि आत्ता ती यंदाच्या कैरीच्या लोणच्याने भरलेली आहे. ताई नवीन सून असताना हे घर एकदा हललं होतं, तेव्हा त्यांनी भरलेल्या खोक्यातल्या कपबशा फुटल्या, तो किस्सा अजून सांगितला जातो. त्या लिहितात, "जे तुटेल ते माझ्याच नावावर पडणार. मी कुणाची बाजू घेऊ? आणि पॅकर्स कुठले चांगले, एखादं नाव सांगा."

ताई, नमस्कार.

बाजू घ्यायचं राहू द्या आधी, कारण मला तरी यात भांडण दिसत नाहीये. दोघंही "सगळं सामान" म्हणतायत, पण मिस्टरांच्या डोळ्यापुढे फ्रिज, कपाट, पलंग आहेत आणि सासूबाईंच्या डोळ्यापुढे मांडणीवरची आणि माळ्यावरची भांडी आहेत. मिस्टरांना विचारून बघा की बरणी कुणी भरायची याबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का, नसणार. सासूबाईंना विचारा की गोदरेजचं कपाट सातव्या मजल्यावर कोण नेणार, त्या पण म्हणतील की ते त्या पोरांनाच सांगा. मग उरतं काय, तर स्वयंपाकघर, शोकेस आणि देवघर. एवढ्यासाठी घरात दोन पार्ट्या कशाला.

पॅकर्सची पोरं रोज घरं हलवतात. कपाट जिन्यात कसं वळवायचं, पलंग खोलताना कुठला स्क्रू आधी काढायचा, सोफा दारातून तिरका कसा घ्यायचा हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा दसपट चांगलं कळतं, तिथे घरच्यांनी मध्ये मध्ये करू नये. पण स्वयंपाकघरात तीच पोरं घाईत असतात, समोर जे येईल ते गुंडाळायचं, कुकरच्या आत मसाल्याचा डबा आणि त्याच्या शेजारी काचेचा बाऊल, टेप मारला की पुढचं खोकं. कुठल्या कपाचा कान मागे एकदा फेविक्विकने चिकटवलाय हे त्यांना कुठून माहीत असणार, ते तुम्हाला माहीत आहे.

आता अर्धं त्यांनी, अर्धं आम्ही असं ठरवताना एक मेख आहे ती सांगून ठेवते. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर बऱ्याच कंपन्या भरपाई देत नाहीत. कोटेशनच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मालकाने पॅक केलेल्या सामानाची जबाबदारी आमची नाही, आणि त्यांचं पण चूक नाही, बंद खोक्यात आधीच काही फुटलेलं होतं का हे ते कसं सांगणार. म्हणून टीव्ही, मायक्रोवेव्ह, काचेचं डायनिंग टेबल, महागाचा डिनर सेट असलं, म्हणजे जे पैसे टाकले की परत आणता येतं, ते त्यांनाच भरू द्या, यादीत किंमत लिहून घ्या आणि ट्रान्झिट इन्शुरन्स घ्या. आणि ज्याचे पैसे मिळाले तरी काही उपयोग नाही ते घरच्यांनी भरायचं. बरणी या दुसऱ्या यादीत, सासूबाई जिंकल्या. फ्रिज पहिल्या यादीत, मिस्टर पण जिंकले.

तुम्ही लिहिलंय "जे तुटेल ते माझ्याच नावावर". पत्र मी परत वाचलं, सासूबाई या वेळी असं काही म्हणाल्याचं त्यात कुठे नाहीये, पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या कपबशांचा किस्सा आहे फक्त. तो किस्सा टोचतो हे मान्य, पण तेव्हा त्या कपबशा का फुटल्या असतील याचा कधी विचार केलाय का? मी पैज लावते की खोकं मोठं होतं, वर थोडं रिकामं राहिलं होतं, आणि भरणारी नवी मुलगी आदल्या रात्री बारा वाजता एकटी बसून भरत होती. शिफ्टिंगमध्ये फुटाफुट होते ती बहुतेक याच तीन कारणांनी होते, रिकामी जागा, वजनाचं मोठं खोकं आणि शेवटच्या रात्रीची घाई. यातलं एकही सुनेच्या वळणाशी संबंधित नाहीये, आणि तिन्ही गोष्टी वीस दिवसांत टाळता येतात.

दुसरं, तुम्ही ओझरतं लिहिलंय की सासूबाई रोज दुपारी भांडी खाली काढायला लावतात, पुसतात आणि परत वर ठेवायला लावतात, आणि तुम्हाला वाटतंय की त्या मुद्दाम वेळ घालवतायत. मला उलटं वाटतंय, त्यांनी पॅकिंग सुरू केलंय, त्यांच्या हातात खोकं कुणी दिलेलं नाही एवढंच. पंचवीसेक वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला कुणी विचारलेलंच नाही की कुठल्या क्रमाने निघायचं, सोसायटीची मीटिंग झाली, बिल्डर ठरला, तारीख ठरली, सगळं तिच्या डोक्यावरून गेलं, मग ती भांड्यांवर हक्क सांगते. त्यांना खुर्चीवर बसवा, समोर टेबल, टेबलावर जुन्या सुती साड्या आणि कागद, आणि त्यांनी गुंडाळायचं, तुम्ही खोक्यात रचायचं. स्टुलावर चढणं, माळ्यावरून काढणं, वाकून खोकी सरकवणं हे त्यांच्याकडून अजिबात नको, ७८ व्या वर्षी शिफ्टिंगमध्ये भांडं फुटलं तर फुटू दे, खुबा मोडायला नको. आणि एक वही त्यांच्याकडे द्या, खोक्याचा नंबर आणि आत काय ते त्यांच्या अक्षरात. रोज दुपारी बाई वीस-बावीस भांडी जरी गुंडाळत गेल्या तरी पंधरा दिवसांत तुमचं स्वयंपाकघर संपतंय.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका, आणि हे बाकी वाचणाऱ्यांना पण सांगते कारण मला येणाऱ्या पत्रांत हे सारखं दिसतं. म्हातारं माणूस देवळात गेलंय बघून भंगारवाल्याला वर बोलवायचं. तुम्हाला वाटतं त्यांना कळणार नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात कळतं, आणि मग ते कळशीसाठी नाही तर विचारलं नाही म्हणून पुढची दहा वर्षं रुसतात, बरोबरच आहे. कमी करायचंच आहे (आणि भाड्याच्या घरात माळा नसेल तर करावं लागणारच आहे, ते आधी जाऊन बघून या) तर त्यांनाच विचारा की हे कुणाला द्यायचं. "टाकू का" विचारलं की उत्तर नाहीच येतं, "कुणाला देऊ" विचारलं की भाचीचं नाव निघतं. साड्यांसाठी बोहारीण बोलवा, त्या बदल्यात एखादं पातेलं आलं तर ते पण न्यायला लागेल हा भाग वेगळा. आणि पितळेची भांडी वापरायची असतील पण कल्हई गेलेली असेल, तर ही संधी आहे, कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा, कुठे करून मिळेल ते तिथे कळेल, काम झालं की थेट नव्या घरी आणा.

आता मुख्य, बरणी. सगळ्यात आधी ती रिकामी करायची, आणि हे सासूबाईंना पटवायला लागेल कारण लोणचं एकदा घातलं की बरणी हलवायची नाही हा आपल्याकडचा नियमच आहे. पण भरलेल्या बरणीचं वजन, वर आलेलं तेल आणि वाटेतले स्पीडब्रेकर याचा हिशोब लावा, दादरा (तोंडाला बांधायचं फडकं) कितीही घट्ट बांधला तरी तेल झिरपणारच, आणि भरलेली बरणी आपटली तर बरणी पण गेली आणि वर्षाचं लोणचं पण गेलं. पॅकर्स तेलकट-पातळ काही सहसा घेत पण नाहीत. लोणचं काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या बरण्यांत काढा, हात आणि डाव ठणठणीत कोरडा, स्टील-पितळेत नको कारण मीठ आणि आंबट. वर तेल राहील असं भरा आणि त्या बरण्या एका बादलीत उभ्या, मधल्या फटींत फडकी कोंबून. तिथे पोचल्यावर परत मोठ्या बरणीत जाईल, मुरायचं काही थांबत नाही त्याचं.

बरणी कोमट पाण्याने धुवा, काठाला आणि बुडाला तेल धरून राहतं तिथे नीट, आणि दोन दिवस पालथी न ठेवता आडवी, कापडावर वाळू द्या. वाळल्यावर सासूबाईंसमोर तिला बोटाने टिचकी मारा. धड बरणी खणखणीत वाजते, कुठे चीर गेली असेल तर बद्द आवाज येतो. चीर आधीच असेल तर ती आज सगळ्यांना कळलेली बरी, नाहीतर वारज्यात गेल्यावर दिसेल आणि मग खरंच तुमच्या नावावर पडेल. आतमध्ये मऊ धोतराचा बोळा, सैलसर, ठासून नाही. झाकण वेगळं गुंडाळायचं, ते वर ठेवून बांधायचं नाही, धक्क्याने पहिला टवका काठाचाच उडतो. बाहेरून जुन्या साडीचे दोन वेढे, त्यावर बबल रॅपचे दोन. मग असं खोकं घ्या की बरणीच्या चारी बाजूंना चार-चार बोटं जागा राहील, तळाला चुरगाळलेल्या कागदाचा जाड थर, बरणी उभी, बाजूने कागद, वरून कागद. या खोक्यात दुसरं काहीही नाही, एक वाटी पण नाही. झाकायच्या आधी दोन्ही हातांनी धरून हळूच हलवून बघा, आत काही हललेलं जाणवलं तर अजून कागद, काहीच हललं नाही की टेप. आणि टेम्पोत टाकायचं नाही, तुमच्या गाडीत. मांडीवर पण नको हं, सगळ्यांना वाटतं मांडीवर सुरक्षित, पण वारजे पुलाखाली कुणी रिक्षावाला आडवा आला आणि ब्रेक लागला की हात आधी स्वतःला सावरतात. पुढच्या सीटच्या मागे खाली, पायाशी, दोन्हीकडून उशा लावून, आणि शेजारी सासूबाई.

हीच पद्धत सगळ्या काच-चिनीमातीला थोड्याफार फरकाने लागू आहे. ताटल्या-बश्या आडव्या एकावर एक रचल्या की धक्का बसताना वरच्या सगळ्यांचं वजन खालचीवर येतं, म्हणून मांडणीत ताटं उभी लावतो तशा उभ्या लावायच्या, प्रत्येकीत कागद. पांढऱ्या चिनीमातीला वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते, आधी साधा कागद किंवा फडकं आणि वरून सकाळ-लोकसत्ता काय असेल ते. ग्लास आणि कपांना वाईन शॉपमधली खोकी उत्तम, त्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात, एका कप्प्यात एक ग्लास, बाहेरच्या छापील नावांवर कागद चिकटवा आणि देवघराचं सामान तेवढं त्यात नको, उगाच एक विषय वाढेल. पितळ, पाटा-वरवंटा, खलबत्ता यांच्या खोक्यात काच अजिबात नाही, आणि ही खोकी लहान. पुस्तकांची पण लहान. खोकं भरल्यावर एका माणसाला सहज उचलता आलं पाहिजे, पंधरा किलोच्या आसपास थांबा, मोठ्या खोक्यांत उशा, गोधड्या, प्लास्टिकचे डबे असलं हलकं.

खोकी पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची घ्या. तीन प्लायचं खोकं पावसाळी हवेत मऊ पडतं आणि तुमची तारीख जूनमध्ये आहे. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला खोकी, टेप, बबल रॅप होलसेलमध्ये मिळतं, पण गाडी घेऊन जाऊ नका, रिक्षा करा. किराणा दुकानातली फुकटची खोकी घेतलीत तर आतून नीट बघा, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि ती तुमच्याबरोबर सातव्या मजल्यावर येतात. नंबर खोक्याच्या वर घालून उपयोग नाही, रचल्यावर दिसत नाही, दोन बाजूंना घाला. आणि बाहेर "चांदी" किंवा "दागिने" असलं काही लिहू नका, हसू नका, लिहितात लोक. नंबर बाहेर, आत काय ते वहीत.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, जी तुमच्या पत्रात नाहीये. तुम्ही एकदा हलणार नाही आहात, दोनदा हलणार आहात, आणि मध्ये तीन वर्षं. रिडेव्हलपमेंटवाल्या सगळ्यांना हे सांगते, पॅक करताना दोन वेगळे ढीग करा, जे तिथे गेल्या गेल्या उघडणार आणि जे तीन वर्षं बंद राहणार. दुसऱ्या ढिगाचं पॅकिंग पूर्ण वेगळं असतं. प्रवासात जो बबल रॅप वाचवतो तोच तीन वर्षं पॉलिशच्या लाकडाला चिकटून राहिला तर फुगे-फुगे उमटतात, म्हणून आत कापड हवं. चांदीच्या भांड्यांना रबरबँड लावू नका, कागदाची पुडी नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. पैठणी आणि जरीच्या साड्या मलमलच्या कापडात, डांबरगोळी जरीला लागता कामा नये, वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि वर्षातून दोनदा तरी काढून घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटतात. बंद ठेवायचं सामान पुठ्ठ्यात ठेवूच नका, पत्र्याची ट्रंक किंवा झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट, खाली फळ्या किंवा विटा, भिंतीपासून वीतभर लांब. दर वर्षी पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत एकदा सगळं उघडून बघायचं. गादी प्लास्टिकमध्ये नेली तर त्याच दिवशी प्लास्टिक काढा, आत ओल कोंडली की बुरशी.

आणि बिल्डरच्या करारात शिफ्टिंगचा खर्च एकदाचा लिहिलाय की जाताना-येतानाचा दोन्ही, ते मिस्टरांना बघायला सांगा. हे काम त्यांचं.

मशिनांचं पटकन सांगते कारण ते पॅकर्स करतील, पण तयारी तुमच्याकडे. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्या, तिथे गेल्यावर दोन-चार तास तसाच ठेवून मग चालू करा, आणि वाटेत आडवा केला असेल तर दिवसभर थांबा, कॉम्प्रेसरमधलं तेल परत जागेवर यायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर ते आणलं तेव्हा मागचे बोल्ट मेकॅनिकने काढून तुमच्या हातात दिले होते, ते शोधा, हलवताना परत लावायचे असतात नाहीतर आतला ड्रम हिंदकळतो. सापडणार नाहीत, मला माहितीये, सर्व्हिस सेंटरला फोन करून मागवा, त्याला वेळ लागतो म्हणून आजच. एसी काढायला एसीवालाच, पॅकर्स नाही, कारण आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घ्यावा लागतो. टीव्ही नेहमी उभा. इन्व्हर्टरची बॅटरी पण उभी, तिच्यात ॲसिड असतं, तिच्या शेजारी कपडे नकोत. गॅस सिलिंडर पॅकर्स घेत नाहीत, एजन्सीला आधी विचारून पत्ता बदलून घ्या, आणि नव्या बिल्डिंगमध्ये एमएनजीएलची (नळाने येणाऱ्या गॅसची) पाईपलाईन असेल तर घरमालकाला विचारा, मग सिलिंडरची भानगडच उरत नाही. टीव्हीच्या मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा आणि पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगालाच टेपने चिकटवा.

तारखेबद्दल. सासूबाईंना आषाढ लागायच्या आत जायचंय असं तुम्ही लिहिलंय, जरूर जा, फक्त ज्येष्ठाच्या शेवटी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते कॅलेंडरमध्ये बघा. कोथरूड ते वारजे या रस्त्याला थेट काही नाही, पण तुमचा टेम्पो आणि पोरं गावाच्या दुसऱ्या टोकाकडून येणार असतील तर ती सकाळी नऊला येणारी गाडी दुपारी दोनला येईल. पेठांतून हलणाऱ्यांनी तर ते दोन-तीन दिवस सोडूनच द्यावेत, आणि तिथल्या बोळांत मोठा ट्रक शिरत नाही, छोटा हत्ती दोन फेऱ्या मारतो ते बरं. वारज्याच्या सोसायटीचं पण आधी विचारा, शिफ्टिंगसाठी लिफ्ट कुठल्या वेळात देतात, रविवारी चालतं का, एनओसी लागते का. आणि टेप घेऊन लिफ्टच्या दाराची रुंदी-उंची मोजा, कपाट मोजा. मावलं नाही तर सात मजले जिन्याने, आणि त्याचे पैसे पोरं तिथेच उभं राहून वाढवून मागतात. गाडीला ताडपत्री आहे का हे बुकिंग करतानाच विचारायचं, त्या दिवशी सकाळी नाही.

देव सासूबाईंच्या हातात, पहिल्या फेरीत. कागदपत्रं, दागिने, औषधं तुमच्या हातात. आणि एक पिशवी पहिल्या रात्रीची, चहा-साखर, दूध उतू घालायचं पातेलं, लायटर, पोहे, मीठ-हळद-तिखट, दोन चादरी, चार्जर, पेचकस, कात्री, डासांचं मशीन, सासूबाईंचा रात्रीचा चष्मा. कात्री विसरू नका, सगळं टेपने बंद असतं आणि कात्री पण खोक्यात असते.

पॅकर्सचं नाव मी सांगणार नाही, ताई, एकाच कंपनीची दोन वेगळी टोळकी येतात आणि एक सोन्यासारखं काम करतं, दुसरं नाही. तीन जणांना घरी येऊन सामान बघायला बोलवा, जो फोनवरच रेट सांगतो आणि घरी यायला टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या. ते बघायला येतील तेव्हा सासूबाई समोर बसलेल्या असू देत, त्यांनी विचारू देत काय विचारायचं ते. जो माणूस म्हातारीच्या तीन प्रश्नांना नीट उत्तर देतो तो साधारण कामाला पण बरा असतो असं माझं मत आहे, पटत असेल तर घ्या. कोटेशन लेखी, त्यात माणसं किती, गाडी कुठली, मजला, लिफ्ट, पॅकिंगचं सामान धरून की वेगळं, कपाट-पलंग परत जोडून देणार का, इन्शुरन्स किती, आणि जीएसटी नंबर. अगोदर थोडे पैसे, बाकी सामान उतरवल्यावर. उतरवून झालं की पोरं घाईने सही मागतात, तेव्हा निदान मोठं सामान बघून घ्या, कुठे ओरखडा-तडा दिसला तर त्याच कागदावर सहीच्या वर लिहा आणि त्या पोरासमोर फोटो काढा. नंतर फोनच उचलत नाहीत अशी वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, १९१५, मराठीत बोलता येतं, तक्रार करताना ते लेखी कोटेशन आणि तो फोटो जवळ ठेवा.